पाच हजार आणि अप्पांचा डावा कान

अप्पांना गाणी ऐकायला काहीतरी घेऊन द्यायचं, यावर घरात दुमत नव्हतं. तिघा भावंडांनी मिळून पाच हजार काढायचे, हेही फोनवरच ठरलं. पेच पडला तो त्या पाच हजारांत घ्यायचं काय यावर, आणि तोही दादात आणि माझ्यात नाही, तर ताई आणि वहिनी यांच्यात. ताई पुण्याला असते. तिच्या कानात दिवसभर काही ना काही अडकवलेलं असतं आणि यंत्रांतलं तिला खरोखर कळतं. वहिनी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी अप्पांबरोबर राहतात. यंत्रांतलं त्यांना किती कळतं ते पुढे दिसेलच; अप्पांमधलं मात्र सगळं कळतं.

अप्पा निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी मळ्यात, दुपारी झोपाळ्यावर, रात्री अंथरुणावर, अशी त्यांची ऐकण्याची तीन ठिकाणं. ऐकायचं काय, तर अब्दुल करीम खाँपासून भीमसेन जोशींपर्यंत किराणा घराणं, गीतरामायण आणि कीर्तनं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ते त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

पुढचं बोलणं दिवाळीत, फराळाचे डबे मधे ठेवून झालं. मी तेव्हा बहुतेक गप्पच होतो. त्याची भरपाई इथे करतो आहे.

ताई : वहिनी, माझं म्हणणं सरळ आहे. सारेगामाचा कारवां घेऊ, मराठी गाण्यांचा निघतो तो. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसतो, गोल बटण फिरवलं की गायक बदलतो. गाणी आत भरलेलीच असतात. नेट नको, ॲप नको, अप्पांना शिकवायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ पुरे. पाच हजारांच्या थोडा पुढे गेला तर वरचे मी घालते.

वहिनी : गाणी किती असतात हो वन्सं त्यात?

ताई : २०१७ साली पहिला हिंदी कारवां आला, त्यात पाच हजार होती.

वहिनी : आणि त्यातली आपल्या अप्पांची किती निघतील? सिनेमाचं गाणं लागलं की ते उठून गोठ्याकडे जातात.

ताई : भावगीतं असतात, अभंग असतात, नाट्यगीतं असतात.

वहिनी : पाऊण तासाचा ख्याल असतो?

ताई : तो नसेल. पण यूएसबीची सोय आहे. पेनड्राइव्ह लावता येतो.

वहिनी : म्हणजे त्यांना जे ऐकायचं ते आपणच भरायचं, आणि आतलं नको असलेलं काढता तर येत नाही. मग एवढे पैसे आपण कशाचे देतो?

प्रश्न बिनतोड होता. पण त्याला उत्तर आहे, आणि ताईने तेव्हा दिलं नाही म्हणून मी देतो. पैसे निवडीचे असतात. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, कुत्र्याच्या चित्राची ती एचएमव्ही. अनेक दशकांचा साठा तिच्याकडे पडून होता. तो कुणीतरी निवडून, गायकांवार लावून, बटणाच्या मागे बसवला. मुलगा परदेशी, घरात दोनच म्हातारी माणसं, मेमरी कार्ड भरून द्यायला कुणी नाही, अशा घरात ही भरून मिळालेली गाणीच खरी वस्तू आहे आणि पेटी नुसतं निमित्त. तिथे सहा हजार महाग नाहीत. आमच्या घरात भरून देणारी माणसं तीन होती. निदान तशी समजूत होती.

इतक्यात दादा आतून ओरडला, "फोन आहे की घरात! वेगळं यंत्र कशाला पाहिजे?" या वाक्यावर दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं.

वहिनी : बघितलंय देऊन. यूट्यूबवर भीमसेनजी लावले, आलापी रंगात आली की मधेच बनियनची जाहिरात. अप्पांनी फोन उशीखाली दाबून धरला होता, बंद कुठे करायचा ते सापडेना म्हणून. आणि रेंज बांधावर असते, विहिरीपाशी जाते.

ताई : पैसे भरले की जाहिराती जातात. महिना सव्वाशे-दीडशे.

वहिनी : म्हणजे वर्षाचे पंधराशे-अठराशे. तीन वर्षांत हे पाच हजार खलास, आणि भरणं थांबलं की गाणंही थांबलं.

ताई : ते मात्र खरं. आणि ॲपमध्ये उतरवून घेतलेलं ॲपमध्येच राहतं, कार्डावर घालून दुसऱ्या यंत्रात वाजवता येत नाही. स्पॉटिफायला तर तीस दिवसांतून एकदा तरी नेटवर जावं लागतं, नाहीतर आपण उतरवलेलंही वाजत नाही.

वहिनी : त्यापेक्षा मोठी गोष्ट सांगते. दुपारपर्यंत गाण्यात बॅटरी संपली आणि मळ्यात पाय घसरला, तर आम्हाला फोन कशावरून करणार?

यावर दादा बाहेर येऊन चिवडा घेऊन परत गेला.

ताई : बरं, फोन नको. मग खिशातला स्वतंत्र प्लेयर. मला विचाराल तर तीच खरी जात. १९७९च्या जुलैत सोनीने वॉकमन काढला, तेव्हापासून माणूस स्वतःचं गाणं स्वतःबरोबर घेऊन हिंडायला लागला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, दोघांना एकदम ऐकता यावं म्हणून.

वहिनी : चांगला विचार होता. मग?

ताई : मग २००१ साली आयपॉड. ५ जीबीत हजार गाणी, तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. आणि २०२२च्या मे महिन्यात ॲपलने तोही बंद केला. फोनने या धंद्याचा मधला भाग गिळला. आता उरलेत ते दोन टोकांचे. वरच्या टोकाला सोनीचे वॉकमन अजून निघतात. २०२० साली इथे एन-डब्ल्यू-ए-१०५ आणला तेव्हा त्याची किंमत २३,९९० होती.

वहिनी : अगं बाई.

ताई : आणि खालच्या टोकाला बाजारातले ते नऊशेचे ब्लूटूथ डबे, तुमच्या मनात आहेत तसले. मधे थोडीशी जागा आहे, तिथे फिओ, हायबी, शानलिंग अशा चिनी कंपन्यांचे काडेपेटीएवढे प्लेयर मिळतात. साधारण पाच-सहा हजारांपासून सुरू होतात. आवाज असा स्वच्छ येतो की तानपुऱ्याची तार मोजून घ्यावी.

वहिनी : करीम खाँसाहेब कधी गेले हो?

ताई : १९३७ साली. का?

वहिनी : तेव्हाची रेकॉर्ड केवढी असायची?

ताई : एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं.

वहिनी : आणि तिच्यातली खरखर? तीपण स्वच्छ ऐकू येणार का काडेपेटीत?

ताई हसली. तिलाही ठाऊक होतं की त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुळात उतरलेलेच नाहीत; जे तबकडीवर नाही ते कुठलंही यंत्र काढून दाखवणार नाही. 'हाय-रेझ' असा सोनेरी शिक्का पाहून पाच हजारांचे पंधरा हजार करणाऱ्या गिऱ्हाइकाने आपण ऐकतो त्यातलं किती मुळात हाय-रेझ आहे, हे एकदा स्वतःला विचारावं. पण ताईने लगेच उलट डाव टाकला, आणि तो मला जास्त पटला.

ताई : जुन्या रेकॉर्डमध्ये नाही ते यंत्र देत नाही, मान्य. पण आहे ते घालवू तर शकतं ना? तुमच्या त्या बाजारातल्या डब्यातला स्पीकर तळहाताएवढा. त्यातून बायाचा घुमारा येतच नाही, नुसती टकटक येते. भीमसेनजींचा खर्जातला षड्ज येत नाही. किराणा घराण्यात सगळा जीव स्वरात, आणि तुम्ही स्वराचा खालचा अर्धा भाग कापून अप्पांना ऐकवणार.

वहिनी : मळ्यात वारा असतो, शेजारी पंप चालू असतो. तिथे खर्ज कुणाला ऐकू येतोय? मोठ्याने आणि स्पष्ट पाहिजे.

ताई : आणि रात्री?

वहिनी : रात्री डबा चालायचाच नाही. बाकीच्यांनी झोपायचं कधी? रात्री कानाला लावायचं काहीतरी पाहिजे.

इथे वाद पहिल्यांदा जागेवर आला. तोवर दोघी एकच यंत्र शोधत होत्या आणि ठिकाणं दोन होती. बजेटची बोलणी बहुतेक घरांत इथेच फसतात. आकडा आधी ठरतो, मग दुकानदाराला विचारायचं, "एवढ्यात काय येतं?" तो आपल्या फळीवर जे आहे ते दाखवतो. माणूस कुठे बसून ऐकणार, हातात काय धरू शकतो, शेजारी कोण झोपलेलं असतं, हे त्याला कसं कळावं? मग तडजोडीचं एक यंत्र येतं. ते मळ्यातही पुरत नाही आणि अंथरुणातही.

ताई : मग त्या काडेपेटीवाल्याला चांगला हेडफोन लावू. रात्रीचा प्रश्न मिटला.

वहिनी : त्याची बटणं केवढी असतात?

ताई : बोटाच्या पेराएवढी. काहींना तर टचस्क्रीन.

वहिनी : अप्पांच्या बोटांना चिरा पडल्यात. टचला त्यांचं बोट कळत नाही, दोन-दोनदा दाबतात. आणि चष्मा काढल्यावर त्या टिचभर पडद्यावरचं वाचणार कोण? शिवाय वन्सं, एक विचारते. त्यांचा डावा कान. कानात दोन बोंडं घातल्यावर डावीकडचं जे असेल ते त्यांना ऐकूच येणार नाही ना?

ताईने हातातली चकली ताटलीत ठेवली. हा मुद्दा तिला सुचायला हवा होता, आणि सुचला होता तो वहिनींना.

ताई : थांबा, हे महत्त्वाचं आहे. स्टिरिओ मुद्रणात डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन वेगळे आवाज जातात. मैफलीच्या मुद्रणात पुष्कळदा तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते, गवई मधे. एका कानाने कमी ऐकणाऱ्याला त्यातला एक साथीदार जवळजवळ गायब होतो. त्याला वाटतं, मुद्रणच वाईट आहे.

वहिनी : अप्पा म्हणतात खरं, नव्या सीडीत तबला नीट वाजवत नाहीत.

ताई : ते यामुळेच! यावर उपाय आहे. दोन्ही आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखेच पाठवायचे. त्याला मोनो म्हणतात. स्मार्टफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, शेजारीच डावं-उजवं कमीजास्त करायची पट्टीही असते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या महागड्या प्लेयरमध्येही ती मिळू शकते. पण या पाच-सहा हजारांच्या काडेपेट्यांमध्ये बहुधा नसते.

वहिनी : आणि डब्यात?

ताई : डब्यात एकच स्पीकर असतो. त्यातून सगळं एकत्रच बाहेर पडतं.

वहिनी : म्हणजे माझा नऊशेचा डबा अप्पांना तबला ऐकवतो आणि तुमची सहा हजारांची काडेपेटी नाही.

ताई : असं म्हणायची काही गरज नव्हती.

वहिनी : नाही म्हणत.

मोनोबद्दल आणि एकूणच कानाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण उतारवयातल्या माणसासाठी काही घेताना त्याकडे कुणी पाहत नाही. यंत्रात मोनोची सोय नसली तरी ती फाइलमध्ये करता येते. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात गाणं उघडायचं, दोन्ही बाजू एकत्र करायच्या आणि तसंच साठवायचं. मग ते कुठल्याही प्लेयरमध्ये दोन्ही कानांत सारखंच वाजतं, आणि जागाही कमी लागू शकते. जुन्या तबकड्या तर मुळातच मोनो, त्यांच्या बाबतीत काहीच करावं लागत नाही. दुसरं, वय वाढतं तसे आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात. सत्तरीच्या पुढच्या बहुतेकांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पोचत नाही, आणि खोक्यावर चाळीस हजार हर्ट्झची जाहिरात असते. तिसरं, कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवला की चांगल्या कानालाही मार बसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. पाच हजारांतला पहिला रुपया कानाच्या तपासणीवर जावा, असं ताईचं मत पडलं. अप्पा तपासणीला येणार नाहीत, असं वहिनींचं. दोन्ही मतं बरोबर असल्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

ताई : आता तुमच्या त्या नऊशेच्या डब्याकडे येऊ. त्यात असतं काय?

वहिनी : पुढे जाळी, वर मूठ, कार्डाची खाच, पेनड्राइव्हची खाच, एफएम. बटणं ठसठशीत, अंधारातही हाताला लागतात. आणि मागे झाकण उघडलं की नोकियाच्या जुन्या फोनची ती बॅटरी.

ताई : बीएल-५सी?

वहिनी : तीच. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही टपरीत मिळते. दोन घेऊन ठेवल्या की एक संपली, दुसरी घातली. दिवसा आमच्याकडे लाइट कधी असते, कधी नसते. तुमच्या काडेपेटीची बॅटरी गेली की?

ताई : ती आतच चिकटवलेली असते. पाचेकशे वेळा चार्ज केल्यावर दम कमी व्हायला लागतो, मग दुरुस्तीला पाठवा, नाहीतर फेकून द्या.

सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. ज्या फोनांसाठी ती बॅटरी निघाली ते कधीच मोडीत गेले, पण बॅटरी राहिली, कारण देवळाबाहेर, आठवडी बाजारात आणि यात्रेत विकल्या जाणाऱ्या असंख्य गाण्याच्या डब्यांनी तिला आपलंसं केलं. महागड्या यंत्राची पहिली भीती असते ती बॅटरीची, आणि हा स्वस्त डबा तिथेच निर्धास्त असतो.

ताई : गुण सांगून झाले. आता दोष ऐका. चालू केला की बाईच्या आवाजात इंग्रजीत ओरडतो, "ब्लूटूथ मोड!" आणि तेही पूर्ण आवाजात.

वहिनी : ओरडतो. शेजारच्यांचा कुत्रा भुंकतो.

ताई : काहींना आपण कुठे थांबलो ते आठवत नाही. पाऊण तासाच्या ख्यालात अप्पा द्रुतापर्यंत आले, पाणी सोडायला उठले, डबा बंद केला. परत लावला की आलापापासून. कीर्तन असेल तर दोन तासांचं पुन्हा पहिल्यापासून.

वहिनी : मग दुकानात उभं राहूनच बघायचं. एक लांबलचक गाणं लावायचं, मधे बंद करायचं, परत चालू करायचं. जिथून सोडलं तिथून लागला तर घ्यायचा.

ताई : आणि ओळ? फाइलींचा क्रम हे डबे आपल्याच लहरीने लावतात. कुणी नावाच्या अक्षरांप्रमाणे, कुणी कार्डावर ज्या क्रमाने भरल्या त्याप्रमाणे. सुट्या गाण्यांना चालेल. गीतरामायणाचं काय करणार?

इथे मला राहवेना म्हणून मी कागद घेतला. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर आठवड्याला एक या चालीने गीतरामायण प्रसारित झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि सगळी कथा क्रमात गुंफलेली. पहिल्या गीताचं नाव 'स'वरून सुरू होतं आणि शेवटच्याचं 'ग'वरून. अक्षरांप्रमाणे लावलं तर लव-कुशांना दिलेला निरोप आधी, आणि त्यांच्या गायनाची सुरुवात पार शेवटाकडे. अप्पांनी असला डबा विहिरीत टाकला असता.

वहिनी : मग नावाच्या आधी आकडे घालायचे. शून्य एक, शून्य दोन, असं छप्पन्नपर्यंत.

ताई : शून्य विसरलात तर एकनंतर दहा लागेल, दोन नाही.

वहिनी : नाही विसरत. स्वयंपाकघरातले डबे मीच लावते.

ताई : आणि नावं इंग्रजी अक्षरांत लिहा. पडदा असलाच, तर या डब्यांना देवनागरी येत नाही, नुसते चौकोन दिसतात. भरायचंही त्याच क्रमाने, एकेक. म्हणजे अक्षरांनी लावणारा असो की भरल्या क्रमाने लावणारा, दोघेही सरळ वागतात. कार्ड ३२ जीबीचंच घ्या. त्याच्या वरची कार्डं वेगळ्या पद्धतीने आखलेली येतात आणि पुष्कळ स्वस्त डब्यांना ती वाचता येत नाहीत.

वहिनी : बाजारात चारशे रुपयांत ५१२ जीबीचं देतात.

ताई : देतात, पण ५१२ जीबी देत नाहीत. आतली खरी जागा दहा-वीस जीबीची असते आणि कार्डाला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं गाणं आधीच्या गाण्यावरच लिहिलं जातं. ते कळतं तेव्हा अर्धा साठा गेलेला असतो. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, पावतीनिशी घ्यायचं, आणि भरण्याआधी लॅपटॉपवर एच-२-टेस्ट-डब्ल्यू हे सॉफ्टवेअर चालवून तपासायचं. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

वहिनी : ३२ जीबीत मावेल सगळं?

ताई : १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे पाचशे तासांच्या वर. ३२०ला भरलं तरी सव्वादोनशे तास. अगदी सीडीच्या दर्जाचं, फ्लॅकमध्ये भरलं तर शंभरेक तास. कीर्तनाला मोनो ६४ पुरे. गाण्याला मात्र १९२च्या खाली मी येणार नाही.

वहिनी : गाण्याचं तुम्ही म्हणाल तसं.

एवढ्यावर माझ्या लेखी हिशोब मिटला होता. मळ्यासाठी डबा, दोन जादा बॅटऱ्या आणि कार्ड मिळून पंधराशेच्या आसपास. रात्रीसाठी यंत्र वहिनींनीच काढलं: अप्पांचा जुना बटणांचा फोन कपाटात पडून होता. त्यात सिम नसलं तरी कार्डावरची गाणी वाजतात, हेडफोनची साधी गोल खाच आहे, आकडे मोठे, टॉर्चसुद्धा. एफएमही लागतो, कारण अशा फोनांत हेडफोनची वायरच अँटेनाचं काम करते. आकाशवाणी साताऱ्याची सोय झाली. फुकटात. दुसरं कार्ड घ्यायचं, त्यात सगळं मोनो करून भरायचं.

हेडफोनवर ताईने हट्ट धरला आणि तो चालला. कानात खुपसायची बोंडं नकोत, कानावर पूर्ण बसणारा, मऊ गादीचा, वायरचा हेडफोन. अवरोध ३२ ओहमच्या आसपासचा, कारण स्टुडिओतले अडीचशे-तीनशे ओहमवाले अशा फोनला पेलत नाहीत, आवाज पिचकतो. पूर्ण झाकणारा असला की बाहेरचा गलका अडतो आणि आवाज कमी ठेवूनही नीट ऐकू येतं. यासाठी तिने दोन हजार बाजूला काढले. वहिनींना ते डोईजड वाटले. डब्याच्या दुप्पट पैसे नुसत्या हेडफोनला? पण माझा कौल ताईला आहे. वाजवणाऱ्या यंत्रांत आता फरक थोडा उरलाय. स्वस्तातलं साधं यंत्रसुद्धा बरं वाजवतं. सगळ्यांत मोठा फरक पडतो तो कानाला टेकणाऱ्या वस्तूत, आणि पैसे कमी असतील तर आधी तिथेच घालावेत.

वहिनी : म्हणजे साडेतीन झाले. दुसऱ्या कार्डाचे धरून चार म्हणा. हजार उरले.

ताई : उरले कुठे? भरायचं कशातून? सीडी आहेत, पण माझ्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. आता कुणाच्याच नसते. बाहेरून लावायचा ड्राइव्ह दोन हजारांच्या पुढे.

वहिनी : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ताई : तोच तर कारवांचा मुद्दा होता. तेव्हा ऐकला नाहीत.

वहिनी : ऐकला. तालुक्याला एक दुकानदार कार्ड भरून देतो शंभर रुपयांत. भीमसेनजी म्हटलं की शंभर फाइली टाकतो.

ताई : चोरीच्या. आणि त्यात निम्म्या पंचवीस वेळा दाबून बारीक केलेल्या, नावं भलतीच. मियाँमल्हार लिहिलेला दरबारी निघतो. अप्पांना ते पहिल्या सुरात कळेल आणि दिवसभर चिडतील. त्यापेक्षा ड्राइव्ह उसना आणते ऑफिसातून. एक सीडी पाच-दहा मिनिटांत उतरते, दोन संध्याकाळी झालं काम.

वहिनी : आणि कॅसेटी?

ताई : कॅसेटींना माफ करा. कॅसेट तिच्या वेगानेच उतरते, नव्वद मिनिटांची नव्वद मिनिटं घेते. घाई चालत नाही. आणि करीम खाँ, भीमसेन, गीतरामायण हे सगळं सीडीवर आहे किंवा विकत उतरवून मिळतं. विकत मिळतं त्यासाठी आपले तास घालवायचे नाहीत. माझ्या तासाला काही किंमत आहे की नाही?

वहिनी : आहे ना. म्हणूनच म्हणते. विकतच्या कॅसेटी सोडून द्या. पण सप्ताहातली कीर्तनं अप्पांनी स्वतः टेप केलीत, आपल्या देवळात, दरवर्षी. ती कुठल्या दुकानात मिळणार? त्यातले कितीतरी बुवा आता नाहीत. रात्री अप्पांना ऐकायची असतात ती तीच. टेपरेकॉर्डर बंद पडल्यापासून त्यांनी ऐकली नाहीत.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. तिच्या डोक्यात हिशोब चालू होता, ते दिसत होतं.

ताई : साध्या टेपरेकॉर्डरवर केलीत ना? एकाच माइकवर?

वहिनी : एकाच.

ताई : म्हणजे मोनोच आहेत. चला, एक काम वाचलं. उरलेल्या हजारातून टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेऊ, बहुतेक आतला रबरी पट्टा गेला असेल. त्याच्या हेडफोनच्या खाचेतून वायर काढून लॅपटॉपला जोडते. रात्री काम करताना शेजारी एकेक कॅसेट लावून ठेवली की होईल. किती आहेत?

वहिनी : मोजल्या नाहीत हो वन्सं.

ताई : साधारण? एखादा खोका?

वहिनी : ट्रंका आहेत. दोन.